जोडीदाराचा फॉर्म

धम्मदिनाचं त्या आठवड्यात काही बरंवाईट झालं असतं, तर त्याला जबाबदार मी असते. दुसरं कोणी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मी स्वतःला फार हुशार समजत फिरते आहे. ऐकणाऱ्याला माझी चीड येईल. येऊ दे.

मी मृणाली, अंजूरची. संशय घेणं हा आमच्या घरातला गुण आहे. माझे बाबा, केसरीनाथ, गोडाऊन भाड्यानं देतात. एखाद्या भाडेकरूनं नमस्कार जरा जास्त वाकून केला, तरी घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणतात, "याचं कायतरी हाय." मी त्यांचीच मुलगी. कोणी माझ्याशी गोड बोललं की मी आधी पर्स चाचपते.

दोन हजार एकवीसचा एप्रिल. आम्ही डेंटलचे इंटर्न. चार वर्षं पुस्तकं घोकून झाली होती आणि हे शेवटचं वर्ष पेशंटवर हात बसवायचं होतं. किती दात काढले, किती रूट कॅनॉल केले, सगळ्याचा कोटा असतो. तो पुरा झाला की सही मिळते. पण मार्च उजाडताच कोरोनाची दुसरी लाट आली. ड्रिल लावलं की तोंडातले तुषार हवेत उडतात, म्हणून कॉलेजची ओपीडी बंद झाली. माझ्या हातून तोवर अकरा दात निघाले होते. अकरा! त्यातले दोन माझ्या आजीचे, हौसाबाईंचे, आणि ते आपणहूनच पडायला आले होते. कोटा माफ झाला खरा. पण दात काढायला न शिकता दातांचे डॉक्टर होणार म्हणून प्रत्येक जण धास्तावला होता. ते कोणी बोलत नव्हतं. बोललं तर बाकीचे हसत.

कोटा माफ करून आम्हाला पाठवलं कुठं, तर स्वॅब घ्यायला. भिवंडीतली एक बंद शाळा, तिच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, आणि बाहेर लूमवाल्यांची रांग. गोडाऊनचे हमाल, कारखान्याचे मॅनेजर, सगळे. "मॅडम, दिमाग तक मत डालना," असं दिवसातून दहा जण तरी म्हणत. पहिल्या आठवड्यात हसू आलं. नंतर नाही.

आता किटचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. पीपीई किट घातलं की माणूस ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार दिलेला. जोडीदारानं किटची चेन लावायची आणि पाठीवर मार्करनं नाव लिहायचं. किट काढताना समोर उभं राहून एकेक पायरी मोठ्यानं सांगायची, म्हणजे घामाघूम झालेला माणूस चुकून तोंडाला हात लावत नाही. माझी जोडीदार धम्मदिना. गाव दिघाशी, रोल नंबर एकोणतीस. आई आशा वर्कर, वडील लहानपणीच गेलेले, घरात आजोबा. मी तिला दिना म्हणायचे, ती मला मृणे. माझ्या पाठीवर ती नावापुढं रोज एक छोटा दात काढायची, दोन मुळांचा. मला ते दिसायचं नाही, पण रांगेतली पोरं हसायची.

आणि रोज सकाळी आठच्या आत कॉलेजला एक ऑनलाइन फॉर्म भरायचा. ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का. दिना पहिल्या टेबलवर असायची, म्हणून तिला आधी किट चढवावं लागे. एकदा ग्लोव्हज चढले की फोनला हात नाही. मग तिचा फॉर्म मी भरायचे. ताप नाही, खोकला नाही, वास येतो. नाही, नाही, येतो. सगळेच असं करत. ज्याचे हात मोकळे त्यानं दोघांचा भरायचा, हे न लिहिलेलं ठरलं होतं. फॉर्मवर रोल नंबर आणि जन्मतारीख टाकावी लागे; दिनाची तारीख मला माझ्या तारखेपेक्षा जास्त पाठ झाली होती.

मार्चमध्ये तिचे आजोबा, कोंडूबाबा, कोरोनात गेले. चार दिवसांत खेळ आटोपला. ती आठवडाभर घरी राहिली आणि मग हॉस्टेल सोडून घरूनच ड्युटीवर यायला लागली. मी म्हटलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, चला, बरी आहे. आमच्या कॅम्पमध्ये तेव्हा प्रत्येकाच्या घरातलं कोणीतरी गेलं होतं किंवा ऑक्सिजनवर होतं. दुःखाचीसुद्धा रांगच होती म्हणा.

आता संशयाचं. आमच्यात प्रितेश नावाचा एक इंटर्न होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो ड्युटी टाकून बिर्याणी खायला गेला आणि नेमक्या त्याच वेळी डॉ. खोपकर मॅडमचा फोन, "कुठं आहेस?" खोपकर मॅडम म्हणजे आमच्या ड्युटीच्या प्रमुख. प्रितेशची दोन दिवसांची हजेरी कापली. तो परत आला तो लालबुंद होऊन.

"आपल्यात कोणीतरी खबरी आहे," तो म्हणाला. "लिहून ठेव."

माझ्या मनात पाल चुकचुकली. खबरी असेल तर तो आणखी काय काय सांगत असेल? आम्ही एकमेकांचे फॉर्म भरतो हे वर कळलं, तर सगळ्यांचीच ड्युटी रद्द. मी त्या दिवसापासून एकेकाचं तोंड बघायला लागले.

दोन दिवसांनी प्रितेशच बातमी घेऊन आला. "तुझी पार्टनर दर गुरुवारी मॅडमच्या केबिनमध्ये असते. दार लावून. अर्धा अर्धा तास. तुला माहीत होतं?"

नव्हतं. आणि त्याचाच मला जास्त राग आला. रोज मी हिची चेन लावते, हिच्या कपाळावरचा घाम पुसते, आणि ही मला एका शब्दानं बोलत नाही?

"काय काम असतं गं गुरुवारी?" मी त्याच दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काही नाही. असंच," दिना म्हणाली आणि फोन पालथा घातला.

असंच! मॅडमच्या केबिनमध्ये कोणी असंच जातं का? मी लक्ष ठेवायला लागले. आणि एकदा लक्ष ठेवायचं ठरवलं की काय काय दिसतं! दिना डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. मला वाटलं, आमच्याबरोबर जेवायचं नाही हिला. ती शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी एकटीच बसायची. मला वाटलं, फोनवर कोणाला तरी काहीतरी पोचवते आहे. जाऊन पाहिलं तर फोन पिशवीत होता. तरी माझं समाधान झालं नाही. माझ्या पाठीवर दात काढायचं तिनं बंद केलं. मृणेची मृणाली झाली. एके दिवशी तिनं तिचा दात काढायच्या पकडींचा सेट, चांगला नवाकोरा, एका ज्युनिअर मुलीला देऊन टाकला.

"अगं, तुला नको?" मी विचारलं.

"मला आता कुठं लागणार?"

मी मनात म्हटलं, बघा, मॅडमनं हिची कुठंतरी ऑफिसात सोय लावून दिलेली दिसते. आम्ही इथं उन्हात शिजायचं आणि ही पंख्याखाली. प्रितेश तर उघडच म्हणाला, "यांच्या ओळखी असतात गं वरपर्यंत." 'यांच्या' म्हणजे कोणाच्या, ते मी त्याला विचारलं नाही. मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले, त्याची लाज मला आज वाटते.

आणि मग एक सकाळ. मी तिची चेन लावत होते. ती एकदम म्हणाली, "मृणाली, तू माझ्या फॉर्ममध्ये रोज सगळं 'नाही'च लिहितेस का गं?"

मी कान टवकारले. पुरावा गोळा करते आहे बया!

"मग काय लिहू? हो लिहू?" मी फणकारले. "चौदा दिवस आत बसायचंय तुला? आणि माझी जोडी कोण करणार?"

काचेमागचे डोळे दिसले, लाल होते. एप्रिलमध्ये त्या किटात सगळ्यांचेच डोळे लाल असतात.

त्याच आठवड्यात, शनिवारी, तो दुसरा फॉर्म आला. पाठवला खोपकर मॅडमनी. 'इंटर्न विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची पाहणी.' नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागते का, भूक लागते का, कशातच मन लागत नाही असं होतं का, वगैरे. प्रत्येकापुढं चार गोल, 'कधीच नाही'पासून 'रोज'पर्यंत. खाली लिहिलं होतं की उत्तरं फक्त मॅडम पाहतील. वर मात्र रोल नंबर आणि जन्मतारीख, नेहमीसारखीच.

प्रितेशनं ग्रुपवर लगेच आवाजी मेसेज टाकला. "कोणी शहाणपणा करू नका. ज्याचे मार्क जास्त येतील त्याला अनफिट ठरवणार. अनफिट म्हणजे ही सगळी ड्युटी पाण्यात, वर सहा महिने इंटर्नशिप वाढणार. सगळ्यांनी झिरो." हे त्याला कोणी सांगितलं, असं एकानंही विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर भाजीवाल्याचा काटासुद्धा तपासून घेणारी! पटापट अंगठे उमटले. एक्केचाळीस जणांपैकी चाळीस. दिनाचा अंगठा नव्हता. तिनं मेसेज ऐकला होता, पण उत्तर नव्हतं.

सोमवारी सकाळी ती किटात शिरताना म्हणाली, "तो नवीन फॉर्म राहू दे हं. तो मी भरीन."

"का गं? एवढं काय खास लिहायचंय?"

"मी भरीन," तिनं एवढंच पुन्हा म्हटलं.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हणजे ही आता लेखी तक्रार करणार. सगळे खोटे फॉर्म भरतात, मृणाली माझा भरते, सगळं. माझे बाबा गावभर सांगून बसलेत की जूनमध्ये आमची पोरगी डॉक्टर होणार, आणि ही बाई सहा महिने माझ्या गळ्यात मारणार! मी म्हटलं, "भर की. मला काय?" तिच्या पाठीवर नाव लिहिलं. ती टेबलकडं गेली. मी भिंतीपाशी उभी राहिले, फोन काढला, एकोणतीस नंबर टाकला, जन्मतारीख टाकली, आणि नऊ वेळा 'कधीच नाही' दाबून फॉर्म पाठवून दिला. अर्धं मिनिट लागलं असेल. एका रोल नंबरला एकच उत्तर घेतलं जायचं. झाला बंदोबस्त, मी म्हटलं.

दुपारी तिची जेवणाची सुट्टी माझ्या आधी झाली. तिनं फोनवर तो फॉर्म उघडला असणार आणि तिथं लिहून आलं असणार की तुमचं उत्तर आधीच नोंदवलं आहे. संध्याकाळी किट काढताना ती माझ्यासमोर उभी राहिली. मी भांडणाला तयार होते. चार उत्तरं जिभेवर ठेवली होती. पण ती नेहमीच्याच आवाजात सांगत गेली, "बाहेरचे ग्लोव्हज. गॉगल. आता चेन. सावकाश." माझं किट पिवळ्या पिशवीत पडलं. तिनं पिशवीला गाठ मारली आणि म्हणाली, "झालं. आता तुला माझं काही भरावं लागणार नाही."

मला वाटलं, जोडीदार बदलून घेतला हिनं. मेली, जाऊ दे.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. "बघ, लागली सोय," प्रितेश म्हणाला. मला सागर नावाचा जोडीदार मिळाला. तो माझ्या पाठीवर नाव लिहायचंच विसरायचा. मी दिनाला फोन केला नाही. आपण कशाला करायचा? गरज असेल तर करील. असं मी दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगत होते. दहा वेळा सांगावं का लागतंय, हे मात्र स्वतःला विचारत नव्हते.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास खोपकर मॅडम स्वतः कॅम्पवर आल्या. सरळ माझ्याकडंच. म्हटलं, आता निघाली माझी वरात.

आम्ही सातवी ब च्या रिकाम्या वर्गात बसलो. मॅडमनी मास्क नीट केला आणि विचारलं, "धम्मदिना कुठं आहे?"

"मला काय माहीत, मॅडम? तुम्हीच पोस्टिंग बदललंत ना?"

"मी?" मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. "तिनं मला मेसेज केला की घरी थोडं काम आहे. आज आमचा गुरुवार. आली नाही. फोन बंद आहे. तू तिची जोडीदार, तुला काही बोलली?"

"गुरुवारी ती तुमच्याकडं कशाला येते, मॅडम?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "आमच्या बातम्या द्यायला?"

"कसल्या बातम्या?"

"प्रितेशची बिर्याणी."

"त्यानं ती बिर्याणी स्टेटसला लावली होती, मृणाली. माझा नंबर त्याच्याकडं आहे हे तो विसरला." मॅडम हसल्या नाहीत. "धम्मदिनाला मी बोलावत होते. आजोबा गेल्यापासून ती मला ठीक वाटत नाही. तीन गुरुवार ती समोर बसून नुसती ओढणीचं टोक पिळत होती. गेल्या वेळी म्हणाली, 'मॅडम, मला तोंडानं सांगता येत नाही. लिहायचं असेल तर लिहीन.' म्हणून तर मी तो फॉर्म काढला. एकटीला पाठवला तर तिला लाज वाटेल, म्हणून सगळ्यांना पाठवला."

मी बाकाची कड धरली.

"आणि तिचं उत्तर आलं, सगळं शून्य," मॅडम म्हणाल्या. "मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, सावरली पोरगी. सोमवारी संध्याकाळी फोन करणार होते तिला, तोही केला नाही. आज ती आली नाही तेव्हा मी पुन्हा फॉर्म उघडले. एक्केचाळीस जण आणि सगळे शून्य. या दिवसांत? मलाही रोज रात्री झोप येत नाही, आणि तुम्हा एक्केचाळीस जणांना येते?"

बाहेर कोणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. मला कळत होतं की मी बोलले तर सगळंच बाहेर येणार. रोजचे खोटे फॉर्म, सगळ्यांची ड्युटी, माझं वर्ष, बाबांचं गावभर सांगितलेलं. आणि नाही बोलले तर मॅडम त्या शून्यावर विश्वास ठेवून परत जाणार. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी.

"तो फॉर्म तिनं भरलेला नाही, मॅडम," मी म्हटलं. "मी भरला. ती नको म्हणाली होती, तरी भरला. आम्ही रोजचेही असेच भरतो. सगळेच."

मॅडमचा चेहरा मास्कमध्ये अर्धाच दिसत होता, पण तेवढाही उतरलेला कळला. "तू प्रश्न तरी वाचलेस का?"

"नाही, मॅडम. बघितलेच नाहीत. नुसतं दाबत गेले."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दिनाच्या आईला फोन लावला. आशा वर्करला त्या दिवसांत फोन घ्यायला कुठली फुरसत! घंटा वाजून वाजून बंद झाली. मग त्यांनी एका समुपदेशक बाईंना फोन लावला आणि मला विचारलं, "घर माहीत आहे?"

"हो. स्कूटर आहे माझ्याकडं."

"मग तू पुढं हो. आम्ही गाडी घेऊन मागोमाग येतो. पोचलीस की तिच्याजवळून हलायचं नाही. एकटीला एक मिनिट सोडायचं नाही. आणि शहाणपण शिकवू नकोस, फक्त बस."

मी कशी गेले ते मला नीट आठवत नाही. नाक्यावर हवालदारानं अडवलं, तेव्हा मी कॉलेजचं ओळखपत्र दाखवत इतक्या जोरात रडले की तो म्हणाला, "जाओ जाओ, बेटा," आणि मग आठवल्यासारखं मराठीत, "सावकाश जा." गोडाऊनं मागं पडली, मोकळी शेतं लागली. मी सारखी म्हणत होते, दिना, थांब गं. थांब. मी येते आहे. मी महामूर्ख आहे, पण येते आहे.

दिघाशीला तिच्या दारात तिची आई, वनितामावशी, नुकतीच गावात फिरून आलेली होती. अंगणातच बादलीत साडी भिजवत होती.

"काय गो, तू इकडं? ड्युटी न्हाय?"

"दिना कुठं आहे, मावशी?"

"आत हाय की. झोपलीय. तीन दिस झोपूनच हाय. मी म्हनलं थकली आसंल, ऱ्हाऊं दे. सुट्टी हाय म्हनली." मग माझा अवतार बघून तिचा हात बादलीतच थांबला. "काय झालं गो?"

"काही नाही, मावशी. जरा भेटायचंय. आणि तुम्ही कुठं जाऊ नका, इथंच थांबा," मी म्हटलं आणि आत गेले.

खोलीचं दार लोटलेलं होतं. मी वाजवलं. दोनदा. तिसऱ्यांदा वाजवायच्या आत ते उघडलं.

जिवंत. उभी. केस विंचरलेले नाहीत, डोळ्यांखाली काळं, पण उभी. मला मटकन खालीच बसावंसं वाटलं आणि मी बसलेही. खोली इतकी आवरलेली होती की माझ्या अंगावर काटा आला. पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले, आणि प्रत्येकावर चिठ्ठी, हे कोणाला, ते कोणाला. माझ्या नावाचाही एक गठ्ठा होता.

"कशाला आलीस?" ती म्हणाली.

"मी तुझा फॉर्म भरला."

"माहीत आहे मला."

"मॅडमना सांगितलं मी. त्या येतायत."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मॅडमनी सांगितलं होतं तशी मी नुसती शेजारी बसले, आणि तोंड न उघडणं मला किती अवघड जातं ते मलाच ठाऊक. शेवटी तीच बोलली, माझ्याकडं न बघता.

"कोंडूबाबा गेले ना, त्याच्या आधीच्या रविवारी मी घरी आले होते. शनिवारपासूनच मला चहाचा वास येत नव्हता. मी तुला म्हटलंही होतं."

मला आठवलं. मी म्हटलं होतं, कॅम्पवरच्या चहाला वास असतो तरी का? आणि हसले होते.

"मग सकाळी तू फॉर्म भरलास. वास येतो," ती म्हणाली. "मला वाटलं, बरं झालं. घरी जाता येईल. बाबांसाठी मी चिकू नेले होते. त्यांच्याच ताटात जेवले."

"दिना, ते कुठूनही आलं असेल. मावशी रोज घरोघरी फिरतात—"

"तू बोलू नकोस." तिचा आवाज चढला. "आईला वाटतं, तिच्यामुळं गेले. ती रोज स्वतःला बोल लावते, आणि मी शेजारी बसून ऐकते. दीड महिना ऐकते आहे. सांगायचं होतं. पण कोणाला सांगू? माझ्या नावानं रोज सकाळी तूच सांगत होतीस, सगळं ठीक आहे म्हणून."

मला रडायला आलं. ती रडत नव्हती. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं.

"मला एकच सांग. तीन दिवस मी एवढाच विचार करते आहे. तू ते प्रश्न वाचले होतेस?"

मॅडमना दिलेलं उत्तर तोंडाशी तयार होतं. बघितलेच नाहीत, नुसतं दाबत गेले. तेच सांगितलं असतं तर मी नुसती निष्काळजी ठरले असते. निष्काळजी माणसाला लोक माफ करतात.

"वाचले होते," मी म्हटलं. "नववासुद्धा."

"काय होतं त्यात?"

"आपण जगात नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का."

"मग?"

"तुझा चेहरा आला डोळ्यांसमोर. खरंच आला, दिना. तुझा न खाल्लेला डबा आठवला. मला कळलं होतं. आणि मग मला वाटलं, हिनं 'रोज' लिहिलं तर चौकशी होणार, माझे सहा महिने जाणार. म्हणून मी 'कधीच नाही' दाबलं."

तिनं माझ्या कानाखाली इतक्या जोरात वाजवली की बाहेर बादली सरकल्याचा आवाज आला. माझा मास्क एका कानाला लोंबत राहिला. मी हात गालाला लावला नाही. लावायचा मला हक्क नव्हता. ती आता रडायला लागली होती, मोठ्यानं, लहान मुलं रडतात तशी, नाक वाहत, हुंदके देत. रडता रडताच तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"आईला आत बोलाव," ती म्हणाली. "मला उठवत नाहीये. आणि तू एक शब्दही बोलायचा नाहीस. माझं मी सांगणार."

मी दारात जाऊन वनितामावशीला हाक मारली. मावशी ओल्या हातांनीच आत धावली. मी कोपऱ्यात बसले आणि पहिल्यांदाच तोंड मिटून तिचं ऐकलं.